एमआरआयमध्ये ‘विशेष काही नाही’, मग कंबर दुखते कुठून?

मिरजेची_मास्तरीण

नमस्कार. वय 44, प्राथमिक शाळेत शिकवते. तीनेक वर्षं झाली, कंबर धरलीय ती धरलीच. निमित्त साधंच, गॅसची टाकी सरकवताना चमक भरली. एमआरआयमध्ये एल-4 एल-5 ला (कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये) गादी थोडी बाहेर आलीय, पण शीर दबलेली नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं काही नाही, वेदनातज्ज्ञांना दाखवा. त्यांनी ड्युलोक्सेटीन लिहून दिली. घरी मुलाने मोबाइलवर बघितलं तर डिप्रेशनची गोळी! मला डिप्रेशन नाहीये हो. वर डॉक्टर म्हणाले, “वेदना मेंदूत तयार होते,” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता हे घरात सांगायची सोय नाही. जाऊबाईंनी आधीच ऐकवलंय, “धाकट्या भाऊजींच्या हळदीत नाचताना बरी नव्हती दुखत!” खरंच नव्हती दुखत. पाहुणे गेले आणि परत सुरू. पेपर तपासायला बसले की अर्ध्या तासात ठणका. खाली बसणं सोडलंय, बादली मुलगा उचलतो, स्कूटीवर लांबून खड्डा दिसला तरी आधीच अंग आवळून घेते.

मेंदूत तयार होते म्हणजे खोटी का? आणि ही गोळी घ्यायची की नाही?

आबा_सातारकर

ताई, गोळ्या द्या टाकून. निर्गुडीचं तेल, गरम शेक आणि फळीवर झोप. आमच्या वेळी कंबर दुखली की कंबरच दुखायची, मेंदूचा संबंध नव्हता.

स्कॅनरवाली

आबा, तेल-शेक चालू द्या, फळीचं मात्र राहू द्या. ताई, मी वेदनेवरच्या मेंदू-संशोधनात काम करते. म्हणजे लोकांना (रीतसर संमती घेऊन) स्कॅनरमध्ये झोपवायचं, पायाला चटका द्यायचा आणि मेंदूत काय हलतं ते बघायचं. त्यामुळे जरा लांबण लावते.

खोटी अजिबात नाही. डॉक्टरांचं वाक्य बरोबर, पण अर्ध्यात सोडलं. वेदना सगळीच मेंदूत तयार होते, दाढेची, बाळंतपणाची आणि जाऊबाईंचं डोकं दुखतं तीसुद्धा. कमरेतून वर जातो तो नुसता इशारा. त्याचं दुखणं किती करायचं हे वाटेत आणि वर ठरतं. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूतच एक फाटक असतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. पुढे मेंदूच्या देठातला असा भाग सापडला की तिथून खाली हुकूम जातात आणि इशारे दाबले जातात. हळदीत तुमचं तेच झालं असणार. लक्ष दुसरीकडे, मन खुशीत, धोक्याची भावना नाही. यात नाटक कुठे आलं?

हे किती पक्कं आहे बघा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2011 मध्ये 22 निरोगी लोकांना पायाला चटके देत शिरेतून रेमिफेंटानिल हे जबर वेदनाशामक दिलं. औषध चालू आहे असं सांगितल्यावर आराम, न सांगता दिलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग औषध चालूच ठेवून “आता बंद केलंय, दुखेल” असं सांगितलं, तर आराम जवळपास नाहीसा. औषध तेच, मात्रा तीच, आणि स्कॅनमध्येही वेदनेशी जोडलेल्या भागांची हालचाल त्याप्रमाणे बदललेली. म्हणून पेशंटला अर्धं वाक्य सांगून पुढच्याला हाक मारणारे डॉक्टर बघितले की माझं डोकं फिरतं. बोलणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आता जुनाट दुखणं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अपकारियन यांच्या गटाने नुकतीच कंबर धरलेल्या लोकांच्या मेंदूवर वर्षभर लक्ष ठेवलं. काही बरे झाले, काहींचं दुखणं मुक्कामाला राहिलं. कोण कुठल्या बाजूला जाणार याचा अंदाज कशावरून आला? कपाळामागचा एक भाग आणि न्यूक्लियस अॅक्यूम्बन्स हा शिकण्याशी, ओढीशी संबंधित भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत त्यावरून (2012). त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की दुखणं ताजं असताना मेंदूतले नेहमीचे वेदनेचे भाग जागे असतात, आणि जुनं झालं की ते भावनांच्या भागांकडे सरकतं. म्हणजे मेंदू दुखणं शिकतो. खड्डा लांबून दिसल्याबरोबर तुमचं अंग आवळलं जातं ना, ते त्याच शिकण्याचं बाहेर दिसणारं रूप.

गोळीबद्दल: ड्युलोक्सेटीन सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही निरोप पोचवणारी रसायनं वाढवते, आणि वरून खाली इशारे दाबणाऱ्या वाटा याच दोघांवर चालतात. म्हणून ती डिप्रेशन नसलेल्यांनाही दुखण्यासाठी देतात. जादू नाही, फायदा बेताचा असतो, सुरुवातीला मळमळतं. घ्यायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण नावाला घाबरून नको. आणि चालू केलीत तर मनाने एकदम बंद करू नका.

एक सावधगिरी. हे सगळे निष्कर्ष गटांवरचे आहेत. मेंदूचा स्कॅन काढून तुमचं दुखणं मोजून देतो असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

फिजिओ_कोथरूड

‘गादी बाहेर आलीय’ हे शब्द पेशंटच्या डोक्यात कायमचे बसतात, म्हणून एवढंच: पाठीची काहीही तक्रार नसलेल्या 3110 लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा 2015 मध्ये आला. चाळिशीतल्या 68 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि 50 टक्क्यांच्या फुगलेल्या. दुखत काहीच नव्हतं! तुमचा रिपोर्ट वयाला शोभेसा आहे.

मात्र पायातली ताकद जायला लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा ताप आणि वजन घटणं सोबत आलं, तर थेट हॉस्पिटल. तिथे मेंदूचं तत्त्वज्ञान नको.

आबा_सातारकर

स्कॅनरवाली बाई, मग हे शिकलेलं विसरता येतं का?

स्कॅनरवाली

आबा, नेमका प्रश्न. कोलोरॅडोत बोल्डरला जुनाट कंबरदुखीच्या 151 लोकांवर चाचणी झाली. एका गटाला चार आठवडे संवाद-उपचार: हे दुखणं इजेचं नाही, मेंदूच्या सवयीचं आहे हे समजून घेणं आणि टाळलेल्या हालचाली न घाबरता परत करून बघणं. 66 टक्क्यांचं दुखणं गेलं किंवा जवळपास गेलं. ‘यात औषध नाही’ असं सांगून-सवरून मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्या गटात 20 टक्के, नेहमीच्या उपचारांवर 10. फायदा वर्षभराने बराच टिकून होता. पण कमरेपेक्षा पाय जास्त दुखणारे लोक त्यात घेतले नव्हते आणि बहुतेकांचं दुखणं मध्यम होतं. माझ्या मते उत्साह ठेवावा, उड्या मारू नयेत.

मिरजेची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. स्कॅनचं ते 50 टक्क्यांचं वाक्य जाऊबाईंनाच वाचायला देते, त्या गेल्या वर्षीच चाळिशीत आल्या. गोळीचं डॉक्टरांना परत विचारते, या वेळी यादी घेऊन. फिजिओताई, खाली बसायला कुठून सुरुवात करू? शाळेत पोरांबरोबर सतरंजीवर बसायचंय.

फिजिओ_कोथरूड

आधी बुटका स्टूल, मग पाट, मग सतरंजी. दुखेपर्यंत बसून राहायचं नाही आणि दुखलं म्हणून सोडायचंही नाही. घड्याळ लावा, पाच मिनिटं झाली की उठा, बरं वाटत असलं तरी उठा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. भिंतीला टेकलात तरी चालेल. आणि बादली अर्धी भरून स्वतः उचलायला लागा, मुलाला दुसरं काम द्या.