बेल-इन: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
बुडत्या बँकांवरचा एक लेख मराठीत करतेय. बेल-आउटला 'सरकारी टेकू' लिहून मोकळी झाले पण बेल-इनला गाडी अडलीय. एका ठिकाणी 'अंतर्गत जामीन' वाचलं आणि हसूच आलं, इथे कोर्टातून कोणाला सोडवायचंय? अर्थ माहितीय, बँक बुडायला आली की करदात्यांच्या पैशाने भगदाड बुजवायचं नाही, ज्यांचं बँकेकडे येणं आहे त्यांनीच तोटा सोसायचा. पण सुटसुटीत शब्द?

प्रतिसाद 1
'धनकोभार' कसा वाटतो? धनको-ऋणको (पैसे देणारा आणि घेणारा) ही जोडी पेपरातनं गायबच झालीय, त्या निमित्ताने परत येईल. भार टाकायला क्रम असतो पण, आधी भागधारक, मग दुय्यम रोखेवाले (ज्यांची परतफेड इतरांनंतर होते), मग साधे रोखेवाले, मोठे ठेवीदार अगदी शेवटी. युरोपात 1 लाख युरोपर्यंतच्या विमा असलेल्या ठेवींना हात लावत नाहीत.

प्रतिसाद 2
ठेवीदार धनको कसा काय? कर्ज तर आपण घेतो ना बँकेकडून.

प्रतिसाद 1
अहो उलटं, तुम्ही पैसे भरलेत की बँक तुमची ऋणको. 'ठेव' या शब्दानेच घोळ केलाय, ठेवलेली वस्तू जशीच्या तशी उचलून आणता येईल असं वाटतं, प्रत्यक्षात ते बँकेने तुमच्याकडून घेतलेलं कर्ज असतं. सायप्रसच्या लोकांना 2013 मध्ये हे चांगलंच कळलं. बँक ऑफ सायप्रसमध्ये 1 लाख युरोच्या वर ज्यांचे पैसे होते त्यांच्या त्या वरच्या रकमेपैकी शेवटी 47.5 टक्क्यांचे त्याच बँकेचे शेअर करून दिले. पैसे मागायला गेलेला माणूस बँकेचा मालक होऊन बसला, तेही बुडीत बँकेचा!

प्रतिसाद 3
म्हणून तर 'भार' अपुरा वाटतो. यात दोन वेगळ्या गोष्टी होतात, एक म्हणजे येणं सरळ छाटायचं, नाहीतर त्याचं शेअरमध्ये रूपांतर करायचं. मी असतो तर बेल-इनच ठेवलं असतं आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात फोड केली असती. आणि क्रियापद सांभाळा हं, 'बँकेने बेल-इन केलं' असं सर्रास लिहितात, ते बँक करत नाही, नियामक करतो.

प्रश्नकर्ती
मग क्रेडिट स्विस ही स्विस बँक बुडायला आली तेव्हा जे झालं त्याला बेल-इन म्हणू का?

प्रतिसाद 3
शक्यतो नको. 2023 मध्ये तिथे एटी-1 रोखे (बँक अडचणीत आली की तोटा सोसायचा या अटीवरचे दुय्यम रोखे) शून्य केले, जवळपास 16 अब्ज फ्रँकचे, आणि भागधारकांना मात्र ती बँक विकत घेणाऱ्या यूबीएस बँकेकडून 3 अब्जांच्या आसपास मिळाले, म्हणजे वर सांगितलेला क्रमच उलटा. शिवाय सरकारने तोट्याची हमीही दिली होती. रोखेवाले भडकले ते उगाच नाही. गंमत म्हणजे 2010 मध्ये लेख लिहून बेल-इन हा शब्द चालता केला तो क्रेडिट स्विसच्याच दोन अधिकाऱ्यांनी.

प्रतिसाद 1
आणि व्याख्येत 'करदात्यांना अजिबात तोशीस नाही' असं ठोकून देऊ नका. युरोपच्या नियमात मालक आणि धनकोंनी मिळून एकूण देण्यांच्या निदान 8 टक्के तोटा आधी सोसला की मग सार्वजनिक पैशाचं दार किलकिलं होऊ शकतं.

प्रश्नकर्ती
बरं, मथळ्यात धनकोभार, आत बेल-इन. 'बेल-इनेबल', म्हणजे बेल-इन लावता येईल अशी, देणी लिहायची वेळ येणारच आहे, त्याला काय करू?

प्रतिसाद 3
'छाटणीपात्र देणी'.