मदत हवी आहे: ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नका, हे पटवायचं कसं?

मंडळी, आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही ८ जण आहोत. गेल्या आठवड्यात एकाचा हातमोजा फिरत्या ड्रिल बिटात गुंतला. शेजारच्याने झटकन मशीन बंद केलं म्हणून निभावलं, नख मात्र गेलं. बिटाला गुंडाळलेला तो दोरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

फिरत्या मशीनवर मोजे नकोत, हे सांगून घसा बसला. पण लोखंडाचा कीस हाताला कापतो, हे पोरांचं म्हणणंही खोटं नाही. कीस झाडायला ब्रश दिले, त्यांना पाय फुटले! जॉब (भोक पाडायचा तुकडा) व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, न बांधता हाताने धरायची खोड तर त्याहून वाईट. ग्राइंडरचं मी स्वतः बघतो. चाक झिजलं की जॉब टेकवायचा टेकू पुढे सरकवून चाक आणि टेकूमधली फट ३ मिमीच्या आत ठेवतो.

जुन्या ड्रिलला पायाने दाबायचा इमर्जन्सी स्टॉप कोणी बसवलाय का? वाफ न धरणारा सेफ्टी चष्मा कोणता घ्यावा? दंड लावावा असं भागीदार म्हणतो, पण मग पोरं बारीकसारीक इजा लपवतील अशी मला धास्ती आहे. तुमच्याकडे काय चालतं?