शाखांतील लिपिकांना स्वतंत्र आभासी डेस्कटॉप हवेत, की सामायिक सर्व्हर पुरेल?

सर्व्हरखोली : आमच्या सहकारी बँकेतील ४० लिपिकांचे जुने संगणक बदलायचे असून, विक्रेत्याने प्रत्येकासाठी स्वतंत्र आभासी डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारा ज्याचा-त्याचा संगणक), म्हणजे व्हीडीआय, सुचवला आहे. मला ही उधळपट्टी वाटते. सगळे दिवसभर एकच बँकिंग सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि एक्सेल वापरतात. त्यासाठी माणसागणिक आख्खे विंडोज उभे करणे म्हणजे वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने स्वतःची विहीर खणणे होय. एका यंत्रास ४ जीबी धरले तरी १६० जीबी मेमरी लागते. त्याऐवजी सामायिक सर्व्हरच्या एकाच विंडोजवर सर्वांची सत्रे, म्हणजे प्रत्येकाचे लॉगिन व उघडलेले काम, चालवल्यास कार्यप्रणाली एकदाच मेमरीत येते आणि पुढे प्रत्येकाच्या कामापुरतीच भर पडते. शिवाय ही पद्धत मुरलेली आहे : सिट्रिक्सचे विनफ्रेम १९९५ चे, तर मायक्रोसॉफ्टची एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ ची.

जुना प्रशासक : हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. विहीर एकच असली की तीत पडलेले मांजर सगळ्या वाड्याचे पाणी बंद करते. माझ्या पूर्वीच्या कार्यालयात पासबुक छापण्याच्या प्रिंटरचा ड्रायव्हर कोसळला, त्याने सर्व्हरवरील छपाईची सेवाच बंद पाडली आणि महिनाअखेरीस प्रत्येक खिडकीसमोर रांग लागली. स्वतंत्र यंत्रे असती, तर एकच खिडकी अडली असती. अद्ययावतीकरणासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करायचा म्हटले, तरी त्यावरील सर्वांना बाहेर काढावे लागते.

सर्व्हरखोली : तुमचा अनुभव खोटा नाही, परंतु तो एकाच सर्व्हरवर विसंबल्याचा दोष आहे. तीन सर्व्हर ठेवून ब्रोकरमार्फत, म्हणजे कोणाला कोणत्या सर्व्हरवर पाठवायचे ते ठरवणाऱ्या सेवेमार्फत, सत्रे वाटली, की एकेक रिकामा करून दुरुस्त करता येतो. आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून प्रिंटरचा ड्रायव्हर छपाईच्या सेवेपासून वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याची सोय आहे. उलट व्हीडीआयमध्ये सकाळी दहाला चाळीस यंत्रे एकदम जागी झाली, की साठवणुकीवर जो ताण येतो, त्याविषयी विक्रेते फारसे बोलत नाहीत.

तालुका शाखा : तुम्ही दोघे मुख्यालयातच भांडत आहात. दोन्ही पद्धतींत आमच्याकडे पडद्याचे चित्र येते आणि इथून कळफलक व माउसच्या हालचाली जातात. लाइन गेली की दोन्ही सारख्याच निरुपयोगी. आधी दुसरी लाइन द्या, मग हा वाद घाला.

जुना प्रशासक : लाइनबद्दल दुमत नाही. पण माझा मुख्य आक्षेप राहिलाच : काही सॉफ्टवेअर सर्व्हरच्या विंडोजवर बसतच नाहीत, किंवा बसले तरी निर्माते त्याची जबाबदारी घेत नाहीत. तुमच्या लेखापरीक्षण विभागातील अशा सॉफ्टवेअरचे काय?

सर्व्हरखोली : तिथे मात्र माघार घेतो. त्या विभागातील तीन मेजांना स्वतंत्र आभासी यंत्रे आणि त्यांचे वेगळे वार्षिक परवाने मी मागणार आहे. उरलेल्या ३७ जणांसाठी मात्र प्रस्तावात सामायिक सर्व्हरच राहील.