मदत हवी आहे: आडव्या फोनवर नॉचसाठीची (स्क्रीनच्या कडेतली कॅमेऱ्याची खाच) जागा एकाच बाजूला कशी सोडायची?
वेब ॲपमधला नकाशा आयफोन एक्सवर आडवा उघडला की दोन्ही कडांना रिकाम्या पट्ट्या येतात. व्ह्यूपोर्ट-फिट (पान स्क्रीनवर कुठवर पसरायचं ते ठरवणारी सेटिंग) 'कव्हर' केलं की नकाशा कडेपर्यंत पोचतो, पण झूमचं बटण नॉचखाली जातं. म्हणून पॅडिंगला (आतल्या मोकळ्या जागेला) सेफ एरिया इनसेट, म्हणजे नॉच टाळायला कडेपासून सोडायचं ब्राउझरने दिलेलं अंतर, दिलं; मॅक्स (दोनांतलं मोठं मूल्य घेणारं फंक्शन) लावून किमान 16 पिक्सेल. बटण सुटलं.

अडचण पुढे आहे. नॉच एकाच बाजूला, पण इनसेट डावीकडे 44 आणि उजवीकडेही 44. म्हणजे 812 पिक्सेल रुंदीतले 88 गेले!

सध्या जावास्क्रिप्टमधली विंडो ओरिएंटेशन प्रॉपर्टी (फोन कुठे वळवलाय ते अंशांत सांगते) 90 की उणे 90 यावरून बाजू ओळखतोय, पण ती प्रॉपर्टी कालबाह्य ठरवलेली आहे. जावास्क्रिप्टशिवाय, निव्वळ सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) जमेल का? आणि नॉच नसलेल्या बाजूला, गोल कोपरे धरून, किती जागा सोडता?