कमरेला बाळगायचं पिस्तूल हाताला बसतं का आणि चाप कसा आहे, यावरच निवडावं का?

रानपाखरू
मुक्काम डॅलसजवळ. ग्रीन कार्ड हातात आल्यावर पिस्तूल घ्यायचं ठरवलं. दुकानात सिग पी३६५ हातात घेतलं आणि जीवच जडला. वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, १० गोळ्या, शर्टाखाली पत्ता लागत नाही. पैसे भरणारच होतो, पण मित्र म्हणाला, आधी नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने झाडून बघ.

पन्नास गोळ्यांत अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लाल झाली. सपाट बुडाच्या मॅगझीनवर करंगळीला जागाच मिळेना. मग ग्लॉक १९ घेतलं. जाडजूड आहे, पण चाप लगेच समजला. आधी थोडं मोकळं अंतर, मग बोटाला अडसर लागतो, तिथून दाब वाढवला की गोळी सुटते. बोट जरासं पुढे सोडलं की 'टक्', चाप पुन्हा तयार. सात यार्डांवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. माझ्या मते मूठ आणि चाप जुळले की बाकी सगळं मागाहून.

बायूकाठी
अजिबात पटत नाही. मी ह्यूस्टनमध्ये बारा वर्षं बाळगतोय. ऑगस्टच्या उकाड्यात टी-शर्टाखाली जाडजूड पिस्तूल टोचायला लागलं की माणूस आठवड्याभरात ते कपाटात ठेवतो. हाताला बसणं ही बरीचशी सवय असते, चापाचंही तेच. पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा बघून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा मिनिटं कोरडा सराव करा, म्हणजे गोळीशिवाय नुसता चाप ओढा. महिन्याभरात नावडता चापही ओळखीचा होतो.

मी आधी बघतो ते गोळ्या झाडताना पिस्तूल मध्येच अडकतं का, आणि चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं म्यान, मिळतं का. हलका चाप रेंजवर गोड वाटतो, पण होल्स्टरमध्ये परत घालताना शर्टाचं टोक त्यात अडकलं तर? न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉकचे चाप वर्षानुवर्षं १२ पौंडांचे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागेल असे, ठेवले, ते उगाच नाही.

रानपाखरू
१२ पौंडांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मूळ चाप साधारण साडेपाच पौंडांचा. दुप्पट जोर लावताना सगळा पंजा आवळला जातो आणि नळी हलते. गोळी चुकली तर ती कोणाच्या तरी भिंतीत जाणार. होल्स्टरचं मात्र मान्य.

सायलीची आई
माझा अनुभव सांगते. नवऱ्याने 'बायकांना छोटं बरं' म्हणून स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर आणलं. पाच गोळ्या, वजन ४०० ग्रॅमच्या थोडं वर. पर्समध्ये छान मावतं, पण चाप इतका जड की शेवटी-शेवटी बोट थरथरायचं आणि नळी खाली झुकायची. वजन कमी म्हणून धक्काही जोरात. दहा गोळ्यांनंतर पुढची झाडायचीच भीती वाटायला लागली. मग सराव कसला होणार?

शेवटी त्याच कंपनीचं शील्ड ईझी पिस्तूल घेतलं. माझ्या मनगटाला संधिवात आहे आणि त्याची स्लाइड, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग, मला ओढता येते, एवढं एकच कारण. तुम्ही दोघं चापावर भांडताय, पण स्लाइडच मागे येत नसेल तर चापापर्यंत पोहोचणार कोण? बायकांसाठी पिस्तूल घेताना बाईच्या हातात देऊन बघा, एवढं कळकळीने सांगते.

पैलतीर
मध्येच बोलतो, कारण इथे बरेच जण एच-१बी वर आहेत. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं, हे ऐकून कोणी दुकानात जाऊ नका. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूकच काय, गोळ्या जवळ ठेवणंही केंद्रीय कायद्याने सहसा गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण आधी वकिलाला विचारा. आणि घरात १७ वर्षांखालचं मूल असेल तर भरलेलं पिस्तूल त्याच्या हाती लागेल असं ठेवणं हाही टेक्सासमध्ये गुन्हा. कुलूपबंद पेटीचे पैसे पिस्तुलाच्या आधी बाजूला काढा.

बायूकाठी
सायलीची आई, स्लाइडचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ज्याला सराव करवत नाही त्याला 'सवय होईल' म्हणणं चूक, हे मागे घेतो. पण रानपाखरू, ग्लॉक १९ कमरेला लावून गाडीत तासभर बसून बघितलंय का?

रानपाखरू
नाही. मित्राकडे त्याचं होल्स्टर आहे. शनिवारी रिकामं पिस्तूल त्यात घालून दिवसभर घरात वावरतो, गाडीतही बसून बघतो, आणि इथेच लिहितो.