लॅपटॉपचं घड्याळ रात्रीतून मागं पडतं, दिवसभर मात्र बरोबर चालतं. काय करावं?

केंद्रवाली_दारव्हा

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, सगळं एकाच जुन्या लॅपटॉपवर चालतं. विंडोज १० आहे. दिवाळीपासून त्याचं घड्याळ मागं पडायला लागलं. संध्याकाळी बंद करते तेव्हा वेळ मोबाईलशी जुळलेली असते. सकाळी उघडला की कधी पाऊण तास मागं, कधी तीन-चार तास. एखाद्या दिवशी तारीखसुद्धा कालचीच. हाताने वेळ लावली की मग रात्रीपर्यंत काही हलत नाही.

वेळ चुकली की ब्राउझर 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणतो आणि साइट उघडतच नाही. उघडलीच तर अंगठा घेताना अडतं. परवा शेजारच्या खेड्यातून एक आजोबा तुरीची सोंगणी सोडून आले होते. कापूस वेचून वेचून अंगठ्याच्या रेघा आधीच झिजलेल्या. मशीनने दोनदा नाकारल्यावर ते आपला अंगठा धोतराला पुसून पुसून पाहायला लागले, जणू खोट त्यांच्यातच आहे. वेळ नीट लावल्यावर लगेच घेतला. माणसाला असं उगाच खजील व्हावं लागतं, ते मला सहन होत नाही.

एका दुकानात दाखवला. त्यांनी विंडोज नव्याने टाकलं, पैसे घेतले, फरक शून्य. आता म्हणतात मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला. खरंच तसं असेल का? नवा लॅपटॉप घेण्याची सध्या सोय नाही.

गुरुजी_वाशीम

ताई, आधी सोपं ते पाहून घ्या. टाइम झोन कोलकाता, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, असाच आहे ना? आणि फरक बरोब्बर साडेपाच तासांचा येतो का? आमच्या शाळेतल्या संगणकांवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होते. लिनक्स बोर्डवरचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून दाखवतं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं आणि कटकट मिटली.

केंद्रवाली_दारव्हा

टाइम झोन तोच आहे, गुरुजी. लिनक्स नाही. फरक रोज वेगळा येतो.

चांदा_ते_बांदा

खोलीवर पत्रे आहेत का? आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पत्र्याखाली काहीच धड चालत नाही. तापल्यामुळे घड्याळ मंदावत असेल.

दुरुस्तीवाला_अमरावती

ताई, मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याले एवढंच इचारा, का बोर्ड गेला तर दिवसभर वेळ बराबर कशी रायते? तुमी जे लिहिलं त्यातच उत्तर हाय. विंडोज चालू होतानी बोर्डवरच्या घड्याळाले एकदा वेळ इचारते, अन् मंग दिवसभर सोताच मोजते. म्हणून लावलेली वेळ हालत नाई. रात्री मोजाचं काम बोर्डवरच्या घड्याळाचं. त्याले करंट देते नाण्याएवढा सेल, ३ व्होल्टचा.

चंद्रपूरवाले भाऊ, उन्हाचंही मोजून पाहू. घड्याळाचा क्रिस्टल सेकंदाले ३२,७६८ वेळा थरथरते. तो आकडा १५ वेळा निम्मा केला का सेकंदाचा एक ठोका भेटते. हा क्रिस्टल २५ अंशाच्या आसपास जुळवला असते. त्याच्याहून तापला तरी मागं पडते, गारठला तरी मागंच. पण ४५ अंशाले दिवसाकाठी सेकंद-सव्वा सेकंद जाईन. तासच्या तास उन्हानं जात नाई. अन् ताईचं दुखणं तं दिवाळीपासूनचं हाय.

आता मले सांगा, मोठी बॅटरी लावलेली हाय का?

केंद्रवाली_दारव्हा

नाही. फुगली होती म्हणून गणपतीच्या सुमारास काढून ठेवली. नुसत्या अडॅप्टरवर चालवते. रात्री भिंतीवरचं बटण बंद करूनच घरी जाते, आमच्याकडे लाइनचा भरवसा नसतो.

दुरुस्तीवाला_अमरावती

सापडलं. कित्येक लॅपटॉपात मोठी बॅटरी लावलेली असली का बंद असतानीही घड्याळाले तिचाच करंट भेटते, सेलवर भार येत नाई. तुमी बॅटरी काढली, वरून बटण बंद, म्हणजे रातभर सगळा भार जुन्या सेलवर. व्होल्टेज पडलं का घड्याळ थांबते. गारठ्यात व्होल्टेज अजून खाली जाते. म्हणून कदी पाऊण तास, कदी चार तास. सेल पुरा मेला असता तं तारीख कितीक वर्षं मागं गेली असती.

बदलाच्या आधी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीचं बोर्डचं सेटिंग, उघडा अन् एकूणएक पानाचा मोबाईलमधी फोटो काढा. बूट मोड, म्हणजे लॅपटॉप सुरू व्हाची रीत, कोणता हाय, डिस्कचा मोड कोणता हाय, हे लय महत्त्वाचं. सेल काढला का सेटिंग कारखान्यातल्यावानी होऊ शकते, अन् मंग चांगलं विंडोज सुरूच होत नाई. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कले लावलेलं कुलूप, चालू असन तं त्याची चावी लिहून ठेवा.

मंग अडॅप्टर काढून मागचं झाकण खोला. सेल पिवळ्या नाईतं काळ्या प्लास्टिकमधी गुंडाळलेला असते, दोन वायरी अन् बारकं कनेक्टर. त्यावरची अक्षरं नीट वाचा. सीआर २०३२ असन तं तसाच आणा. पण एमएल असं लिहिलं असन तं तो चार्ज होणारा सेल असते, तिथं सीआर लावू नका. बोर्ड त्याले चार्ज कराले पायते, अन् सीआर फुटू शकते. वायरवालाच सेल घ्या. साध्या सेलवर सोल्डर लावू नका, तापून तोही फुटते. मीटर असन तं जुना मोजा. नवा ३.२ च्या आसपास दाखवते, २.७ च्या खाली गेला का कामाचा नाई.

गुरुजी_वाशीम

पटलं. सेल येईपर्यंत रोज सकाळी नेट लावलं की वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा, विंडोजवर विसंबून राहू नका. फरक १५ तासांहून जास्त दिसला तर विंडोज मुळात आपणहून वेळ दुरुस्त करत नाही, म्हणून तारीख चुकली असेल तर आधी ती हाताने लावा. वेळ पुरवणारा सर्व्हर म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग टाका. भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था राखते.

केंद्रवाली_दारव्हा

दुरुस्तीवाले भाऊ, तुमचे फार उपकार झाले. सेलवर सीआर २०३२ च होतं. मीटरने २.३ दाखवलं. वायरवाला सेल यवतमाळला मिळाला, धाकट्या भावाने बसवला. फोटोंचं सांगितलंत ते फारच कामी आलं. सेल बदलल्यावर बूट मोड बदलून गेला होता आणि विंडोज सापडेना. फोटो पाहून जसंच्या तसं लावलं, सुरू झालं. आता रात्रभर बटण बंद ठेवूनही सकाळी मोबाईलशी वेळ जुळते, अंगठेही अडत नाहीत.

एकच विचारायचं राहिलं. ती फुगलेली बॅटरी कपाटात पडून आहे. तिचं काय करू?

दुरुस्तीवाला_अमरावती

कपाटातून आजच काढा, कागदपत्रांजवळ ठेवू नका. टोचू नका, दाबू नका, कचऱ्यासंगं जाळू तं मुळीच नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी रेती भरून तिच्यात ठेवा, सावलीत, घराबाहेर. २०२२ च्या नियमानं जुन्या बॅटऱ्या गोळा कराची जबाबदारी बनवणाऱ्यावर हाय, तवा त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरले फोन करून इचारा. अन् सवड झाली का नवी बॅटरी टाका. सेलवरचा भार कमी होईन, अन् फॉर्म भरता भरता लाइन गेली तरी लॅपटॉप बंद पडनार नाई.