मदत हवी आहे: घरी धुतलेला कृष्णधवल रोल फिका येतोय (सोलापूरचा उन्हाळा, डी-७६)

मळेवाट

नमस्कार मंडळी,

जुना पेंटॅक्स के-१००० हाती आला आहे, ५० मिमी लेन्ससकट. रोल इल्फर्डचा एचपी-५ प्लस, आयएसओ ४००. कुरिअरने लॅबला पाठवायचा आणि स्कॅन मेलवर मागवायचे, यात मला रस नाही. धुणं घरीच करायचंय आणि पुढेमागे प्रिंटही स्वतः काढायची आहे. 'डिजिटलवर काढून ब्लॅक अँड व्हाइट करा' असं कृपया सुचवू नका, ते करून झालंय.

सामान असं: प्लास्टिकची टाकी आणि रीळ, काळी चेंजिंग बॅग, डी-७६ची पावडर (हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं), थर्मामीटर. तक्ता सांगतो की डी-७६ १:१ (तयार द्रावण आणि पाणी समान) असेल तर २० अंशांना १३ मिनिटं. आता मे महिन्यात सोलापुरात २० अंशांचं पाणी आणायचं कुठून? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. माठातलं पाणी आणि थोडा बर्फ वापरून २४ वर आणतो आणि वेळ ९ मिनिटं धरतो.

चित्रं उमटतात, पण बरीचशी फिकी. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सावलीत बसलेली माणसं टिपली होती. निगेटिव्हवर (तिथे उजेड काळा दिसतो) मागचं तळं आणि आभाळ चांगलं काळं आलंय, माणसांच्या जागी मात्र जवळजवळ कोरी फिल्म. धुण्यात काही चुकतंय की फोटो काढण्यात?

शिवाय वाळल्यावर फिल्मवर पांढरट डाग राहतात, आणि बॅगेत रिळावर चढवताना फिल्म मध्येच अडकते. एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) नाही, तर प्रिंटचं काय करता येईल?

रानजाई

वेळ कमी पडतोय. २४ अंशांनाही १२-१३ मिनिटं ठेवा, निगेटिव्ह दणदणीत येईल. माझ्या येतात.

जुना_लालदिवा

रानजाई, थांबा जरा. वेळ वाढवून काळं आहे ते आणखी काळं होईल. आभाळ ठार काळं होऊन बसेल आणि माणसं तशीच कोरी राहतील. सावलीत जेवढा उजेड फिल्मवर पडला तेवढीच चांदी तिथे तयार होणार. जिथे उजेडच पोचला नाही तिथे डेव्हलपर कितीही वेळ ठेवा, काही निघत नाही. आमच्या स्टुडिओत नवीन पोराला पहिलं हेच शिकवायचे की सावलीसाठी उघडायचं आणि उजेडासाठी धुवायचं.

मळेवाट, एकच सांगा. फिल्मच्या कडेला छिद्रांजवळ कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते कसे आलेत? ते कारखान्यातच ठरलेल्या उजेडाने छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे फिके असतील तर धुणं कमी झालंय. आकडे ठळक आणि चित्र फिकं असेल तर कॅमेऱ्यातच उजेड कमी पडला.

मळेवाट

आकडे अगदी ठळक, सहज वाचता येतात.

जुना_लालदिवा

मग धुणं ठीक आहे. तुमचे २४ अंश आणि ९ मिनिटं बरोबर आहेत, तिथे हात लावू नका. साधारण एका अंशाला दहा टक्के वेळ कमी, असा अंदाज धरा. फक्त ५ मिनिटांच्या खाली कधी जाऊ नका, इतक्या थोड्या वेळात फिल्म एकसारखी धुतली जात नाही. म्हणूनच उन्हाळ्यात १:१ बरं. जशाच्या तशा डी-७६ला एचपी-५ साठी २० अंशांनाच साडेसात मिनिटं लागतात, आणि ३० अंशांच्या पाण्यात ती वेळ कुठे जाईल बघा.

आणखी एक. डेव्हलपर २४ ला आणि नंतर धुवायचं पाणी ३५ ला, असं करू नका. गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि बोट लागलं तरी ओरखडा उठतो. परातीत गार पाणी घेऊन सगळ्या बाटल्या आधीच त्यात उभ्या करून ठेवा, धुवायच्या पाण्याच्यासुद्धा.

पाणचक्की

कॅमेऱ्याबद्दल माझ्याकडून. के-१००० चं मीटर पूर्ण चौकटीचा सरासरी उजेड मोजतं. सावलीतली माणसं आणि मागे चकाकणारं तळं म्हटल्यावर ते तळ्याला भुलणारच. माणसांच्या जवळ जा, चौकट त्यांच्या चेहऱ्याने किंवा त्याच सावलीत धरलेल्या स्वतःच्या तळव्याने भरा, काटा मध्ये आणा, मग मागे येऊन तोच आकडा ठेवून फोटो काढा.

मीटरच म्हातारं झालंय का तेही बघून घ्या. भर उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन गवतावर धरा. ४०० च्या रोलला एफ-१६ आणि १/५०० च्या आसपास दाखवलं पाहिजे. फारच वेगळं दाखवत असेल तर आधी सेल बदला (एलआर-४४, घड्याळवाल्याकडे मिळतो). या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सचं झाकण लावलं की सेल वाचतो. सेल संपला तरी शटर चालतंच, ते पूर्ण यांत्रिक आहे.

आणि काही दिवस आयएसओचा डायल ४०० ऐवजी २०० वर ठेवा. एचपी-५ ला जास्त उजेड पचतो, कमी पचत नाही.

गोदाकाठ

डाग क्षाराचे आहेत. तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार. धुवून झाल्यावर शेवटचं खंगाळणं बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात करा आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालतात ते) दोनच थेंब टाका. जास्त घातलात तर त्याचेच डाग पडतात. फिल्म बोटांनी पुसू नका, बाथरूममध्ये लटकवा आणि पंखा बंद ठेवा.

पाकिटं मिळेनाशी झाली तर डी-७६ घरी बनवता येतं: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. पाऊण लिटर कोमट पाण्यात (५० अंशांच्या जरा वर) याच क्रमाने विरघळवा आणि मग पाणी घालून लिटर भरा. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं, सगळं मात्र नाही, नाहीतर मेटॉल विरघळायला त्रास देतं. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानांत मिळतं सगळं. हातमोजे घालाच, मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. आणि यातलं एकही भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

रानजाई

कडेच्या आकड्यांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. रिळाबद्दल: घामामुळे होतं ते. बॅगेत हात पाच मिनिटं राहिले की आत दमट होतं आणि प्लास्टिकच्या रिळाला फिल्म चिकटते. मी पहाटे चढवते, रीळ आदल्या दिवशी उन्हात खडखडीत वाळवून. फिल्मच्या टोकाचे कोपरे कात्रीने किंचित गोल करून घेतले तर अडकत नाही.

मळेवाट

सेल बदलला. मीटर उन्हात बरोबर दाखवतंय, म्हणजे तळ्यानेच फसवलं. हात दाखवून मोजायचं पटलं. प्रिंटबद्दल कोणी सांगेल का?

जुना_लालदिवा

एन्लार्जरच्या मागे आत्ताच लागू नका. आधी कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच आकाराची प्रिंट. ८ × १० इंचांच्या कागदावर एक अख्खा रोल बसतो. कागदावर निगेटिव्हच्या पट्ट्या, वर जाड काच, वरून साधा बल्ब दोन-तीन सेकंद. पुठ्ठा सरकवत टेस्ट स्ट्रिप (एकाच पट्टीवर कमीजास्त सेकंद उजेड) काढली की नेमके सेकंद कळतात. मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला कागदाच्या डेव्हलपरमध्ये एक मिनिट, स्टॉपमध्ये (डेव्हलपरचं काम थांबवणारं आंबट पाणी) दहा सेकंद, ताज्या रॅपिड फिक्सरमध्ये अर्धा मिनिट पुरतं. स्टॉपला लिंबूफूल चालतं, लिटरला १५ ग्रॅम.

कागदाचं काम लाल उजेडात करतात, पण बाजारातला कुठलाही लाल बल्ब चालेल असं समजू नका. कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या बल्बखाली राहू द्या, मग धुवा. नाण्याचा गोल उमटला तर तो बल्ब बाद. आणि हे फक्त कागदासाठी. तुमच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो, तिला मिट्ट काळोखच लागतो.

आमच्या वेळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' माल मिळायचा. आता कागद बाहेरचाच, तेव्हा एकेक तुकडा कापून वापरा.

मळेवाट

फिक्सर संपला कधी समजायचा? आणि टाकायचा कुठे?

जुना_लालदिवा

रोलचं कापलेलं टोक फिक्सरमध्ये टाका. ते किती वेळात पारदर्शक होतं ते बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. ताज्या फिक्सरला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ टोकालाच लागायला लागला की तो फिक्सर संपला. त्यात चांदी उतरलेली असते, झाडांना घालू नका. आम्ही कॅनमध्ये साठवायचो, वापरलेला हायपो (फिक्सरच) चांदी काढणारे येऊन विकत न्यायचे. एक्स-रेवाल्यांकडे विचारा, त्यांना असा कोणीतरी ठाऊक असतो.